नाडी मोजा, पण आधी बसू द्या

म्हैसूर जिल्ह्यातल्या बेट्टदपुरच्या सिडिलु मल्लिकार्जुनाच्या पायऱ्या चढून गेल्यावर कुणाचीही नाडी शंभरच्या पुढे जाऊ शकते. तो आजार नव्हे, चढाचा परिणाम! म्हणून घरी रुग्णाची नाडी पाहण्याआधी त्याला पाच मिनिटे शांत बसू द्या. मग मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण मिनिट मोजा. अंगठा नको, त्याचीच नाडी जाणवते. विश्रांतीत मोठ्या माणसाची नाडी ६० ते १००, श्वास १२ ते २०. श्वास मात्र न सांगता मोजा, सांगितले की तो बदलतो. आकडा वेळेसह वहीत लिहा. ‘सकाळी ८०, आता १२०’ एवढ्यावरून डॉक्टरांना बरेच कळते. धापेमुळे बोलताच येत नसेल, तर मोजत बसू नका. लगेच १०८ लावा.