सव्वानऊ रुपयांची सायकल

मागल्या महिन्यात एका रविवारी सकाळी भाचा घरी आला. हातात शोरूमवाल्यांनी दिलेला गुळगुळीत कागद. "मामा, तू बँकेत होतास, एकदा नजर टाक ना. हप्ता दहा हजार तीनशेचा बसतोय." निवृत्त बँक अधिकाऱ्याला नातेवाइकांत एवढाच काय तो मान असतो. माझ्या कादंबऱ्यांविषयी सल्ला घ्यायला अजून कुणी आलेलं नाही.

मी चष्मा लावला आणि सवयीने पेन्सिल उचलली. पहिल्या वर्षाचा विमा, रोड टॅक्स वगैरे धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंत ८ लाख. त्यातले १ लाख ६० हजार पदरचे, बाकी कर्ज. व्याज नऊ टक्के, मुदत सात वर्षं. हप्ता बरोबर होता. पण हप्ता म्हणजे गाडीचा खर्च नव्हे, हे कर्जविभागात बसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. आणि तो ते समोरच्याला सांगतही नाही. मीही कधी सांगितलं नाही. आता समोर भाचाच होता, म्हणून कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर मांडायला घेतलं.

सात वर्षांचं व्याज सव्वादोन लाख. सात वर्षांनी गाडी अडीच लाखांना गेली असं धरू. म्हणजे किंमत आणि व्याज मिळून पावणेआठ लाख गेले. पुढच्या सहा वर्षांचा विमा, वर्षाला २० हजारांप्रमाणे, १ लाख २० हजार. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी मिळून वर्षाला १५ हजार. वर्षाला ८ हजार किलोमीटर फिरणं, शहरात लिटरला १४ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर ६० हजारांचं पेट्रोल. गाडी पुसणाऱ्याचे महिन्याला ५००. टोल, पार्किंग आणि पोलिसांच्या पावत्या यांचे वर्षाला १० हजार. बेरीज सव्वापंधरा लाखांच्या थोडी वर गेली. म्हणजे रोजचे सहाशे रुपये, गाडी उभी असो वा पळो. किलोमीटरला सत्तावीस.

भाच्याने विचारलं, "आणि सायकल?" त्याने थट्टेने विचारलं होतं, पण पेन्सिल हातात होती. साधी सायकल ७ हजार, हेल्मेट, कुलूप, दिवे अडीच हजार, टायर-ट्यूब-चेन वर्षाला २ हजार. सात वर्षांचे साडेतेवीस हजार. रोजचे सव्वानऊ रुपये. आमच्या कोपऱ्यावरच्या अमृततुल्याचा चहा त्याहून महाग आहे.

इव्हान इलिच नावाच्या विचारवंताने १९७४ साली 'एनर्जी अँड इक्विटी' या छोट्या पुस्तकात असाच एक हिशेब मांडला होता. अमेरिकन माणूस मोटारीत बसण्यात आणि मोटारीसाठी पैसे मिळवण्यात वर्षाचे १,६०० तास घालवतो आणि साडेसात हजार मैल जातो. म्हणजे त्याचा खरा वेग ताशी पाच मैलांहूनही कमी. मी भाच्यावर तोच प्रयोग केला. हातात येणारा पगार ६० हजार, कामाचे तास महिन्याला दोनशे. तासाचे तीनशे रुपये. गाडीचे रोजचे सहाशे म्हणजे दोन तासांची नोकरी. गाडी रोज सरासरी २२ किलोमीटर जाणार. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ सालच्या पाहणीनुसार पुण्यात दहा किलोमीटरला ३३ मिनिटं लागतात, त्यामुळे रस्त्यावर आणखी सव्वा तास. सव्वातीन तासांत २२ किलोमीटर. ताशी सातसुद्धा नाही. किराणा मालाचा पोऱ्या सायकलवरून याच्या दुपटीने जातो.

भाचा हसला. "मग काय, उद्यापासून सायकलने ऑफिसला जाऊ?" ऑफिस घरापासून नऊ किलोमीटर. सायकलला पाऊण तास. मी "जा" म्हणायला तोंड उघडलं आणि मला ते म्हणवेना.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. कसब्यातून रोज सायकलने जात. संध्याकाळी भोंगा झाला की पुलावरून सायकलींचा लोंढा शहरात शिरायचा. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत ते अशा लोंढ्यांमुळे. चाळीस वर्षांच्या नोकरीत वडिलांच्या पायाला साखळीचं वंगण लागलं, दोनदा धोतर अडकलं, यापलीकडे मोठं काही झालं नाही. त्या सायकलवर कर होता. पैसे भरले की धातूचा बिल्ला मिळे आणि तो सायकलला लावावा लागे. रात्री दिवा नसला तर पोलीस हवा सोडून देई. म्हणजे शहरातलं सगळ्यात हलकं वाहन रस्त्याच्या वापराचे पैसे भरत होतं.

मी स्वतः नोकरीतली पहिली बारा वर्षं सायकलने शाखेत गेलो. अधिकारी झाल्यावर स्कूटर आली आणि २००८ साली स्टाफच्या सवलतीच्या व्याजाने मोटार. या मोटारीतली एक नोंद मला आज लिहायची आहे.

२०११ सालचा पावसाळा. सकाळची वेळ, पेठेतला अरुंद रस्ता. गाडी कडेला लावली आणि मागे न बघता दार उघडलं. एक सायकलवाला दारावर आदळला आणि पडला. रात्रपाळी संपवून घरी निघालेला वॉचमन, पन्नाशीचा. खांद्याजवळचं हाड मोडलं. मीच दवाखान्यात नेलं, १८ हजार बिल भरलं. तो कंत्राटदाराकडे रोजंदारीवर होता. सहा आठवडे हात गळ्यात. कंत्राटदाराने तिसऱ्याच दिवशी दुसरा माणूस लावला. मी त्याला दोन महिन्यांचा पगार दिला आणि आपण सभ्य माणूस आहोत असं मला वाटलं. पुढे त्याला काम मिळालं का, हात पूर्वीसारखा वर जाऊ लागला का, याची चौकशी मी केली नाही.

विमा कंपनीकडे मी काही मागितलं नाही. दाराला साधा पोचाही आला नव्हता. नूतनीकरणाला एजंट आला तेव्हा खूश होता. "साहेब, तिसरं वर्ष. नो क्लेम बोनस ३५ टक्के." त्या वर्षीच्या माझ्या गाडीच्या हिशेबात अपघात नाही, उलट बचत आहे.

बँकेत नावे आणि जमा या दोन बाजू जुळल्याशिवाय संध्याकाळी कुणी घरी जात नसे. मोटारीचा हिशेब मात्र आपण अर्धा लिहून वही मिटतो. भाच्याचे सव्वापंधरा लाख हा त्याच्या नावे पडणारा खर्च. बाकीचा दुसऱ्यांच्या नावे पडतो. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत ३२ हजारांवर पायी चालणारे होते आणि साडेचार हजारांवर सायकलवाले. यांपैकी कुणी गाडीचा हप्ता भरत होता की नाही कोण जाणे, पण किंमत त्यांनी भरली. म्हणून सायकलचे सव्वानऊ रुपये हाही खोटाच आकडा. त्यात भीती धरलेली नाही.

आणि जागा? मोटार उभी करायला साधारण १३५ चौरस फूट लागतात. चौरस फुटाला १० हजारांचा भाव धरला तर साडेतेरा लाख झाले. म्हणजे आठ लाखांची वस्तू साडेतेरा लाखांच्या जागेवर, आणि रस्त्याच्या कडेला असेल तर बहुधा फुकट. वडिलांच्या बिल्ल्याची इथे आठवण येते. पुणे महापालिकेने २०१८ साली पार्किंगचं धोरण मंजूर केलं. विरोध झाला, ते मोजक्या रस्त्यांपुरतं उरलं आणि बराच काळ कागदावरच राहिलं. त्याआधी २००६च्या बीआरटीबरोबर सायकल ट्रॅकही आखले गेले. आमच्या भागातला ट्रॅक शंभर पावलांवर विजेच्या खांबापाशी संपतो. तोवर त्यावर दुचाक्या लावलेल्या असतात. एवढी वाट पाहून सायकलवाला पुन्हा मोटारींत शिरतो, आणि मग आपणच म्हणतो की ट्रॅक कुणी वापरत नाही.

२०११च्या जनगणनेत देशातल्या जवळजवळ ४५ टक्के घरांत सायकल होती आणि पाच टक्क्यांहून कमी घरांत मोटार. रस्ता कुणाचा, हे मतदानाने ठरलं असतं तर चित्र वेगळं दिसतं. कडेला गाडी लावण्याचे तासाला पैसे घ्या आणि त्यातून सलग, न तुटणारी सायकलवाट बांधा, अशी माझी साधी मागणी आहे. मोटारवाले ओरडतील. माझीही गाडी अजून आहे. पहिली पावती माझ्या नावाने फाडावी.

भाच्याने शेवटी गाडी घेतली. २०२५च्या सप्टेंबरात लहान मोटारींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याने आणखी मोह झाला. सायकलींवरचाही १२ वरून ५ वर आला होता. ते शोरूममध्ये त्याला कुणी सांगायचं कारण नव्हतं. मी त्याला दोष देत नाही. त्याची मुलगी पाच वर्षांची आहे.

माझी नात दहा वर्षांची. तिच्या आईला मी घरासमोरच्या रस्त्यावर, सीट मागून धरून सायकल शिकवली होती. नातीला शिकवली ती आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, खांबांच्या मधून. शाळा दीड किलोमीटरवर आहे. तिने दोनदा विचारलं, "आजोबा, मी सायकलने जाऊ?" दोन्ही वेळा तिची आई माझ्याकडे बघत राहिली आणि दोन्ही वेळा मीच गाडीची किल्ली उचलली. परवा सकाळी तिला शाळेत सोडताना फाटकापाशी आमच्यापुढे बावीस गाड्या होत्या. मी मोजल्या. प्रत्येकीत एक मूल होतं.