पायाची सूज : वाट अडली कुठे?

अनेक घरांत एखादी अम्मी, खाला किंवा फुफी असते, जिचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड असतो. फजरला सूज कमी, इशापर्यंत चप्पल घट्ट. "वय झालं", "पाणी उतरलं", "नजर लागली" असे म्हणत वर्षे निघून जातात. कुणी मेडिकलमधून लघवीच्या गोळ्या आणून देतो. सूज तरुण मुलीच्या पायावर असेल, तर रिश्ता जमेपर्यंत ती झाकून ठेवली जाते. या महिन्यात आम्ही अशा सुजेविषयी आणि तिचे मूळ दाखवणाऱ्या एका तपासणीविषयी लिहीत आहोत.

रक्तवाहिन्यांतून पाणी आणि प्रथिने सतत थोडी थोडी बाहेर पाझरतात. ती गोळा करून पुन्हा रक्तात पोचवण्याचे काम लसिकावाहिन्या करतात. जांघेतल्या आणि काखेतल्या गाठी ही याच वाटेवरची ठाणी. वाट अडली की पाणी मागे तुंबते आणि सूज येते. आपल्याकडे याचे एक मोठे कारण म्हणजे डासांमुळे होणारा हत्तीरोग. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागांत तो जुना आहे. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्यावर किंवा तिथे किरणोपचार झाल्यावर हातालाही अशीच सूज येऊ शकते. काहींच्या वाहिन्या जन्मतःच कमी असतात.

सूज दिसली की लगेच ही तपासणी करायची नसते. आधी डॉक्टर हृदय, किडनी, लिव्हर, थायरॉइड आणि पायाच्या शिरा तपासतात. तिथे उत्तर मिळाले नाही, किंवा लसिकेचाच संशय आला, तर लिम्फोसिंटिग्राफी सांगतात.

ही तपासणी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात होते. पायाच्या बोटांच्या बेचकीत, कातडीखाली, बारीक सुईने टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी द्रव्याचे काही थेंब देतात. काही सेकंद झोंबते. मग गॅमा कॅमेरा हे द्रव्य पाय चढून कसे जाते त्याची चित्रे घेतो. पहिली चित्रे लगेच, पुढची तासाभराने आणि गरजेनुसार आणखी काही तासांनी. मध्ये थोडे चालायला सांगतात. एकच पाय सुजलेला असला तरी बहुधा दोन्ही पाय तपासतात, म्हणजे तुलना करता येते. निरोगी पायात द्रव्य साधारण तासाभरात जांघेतल्या गाठींपर्यंत पोचते. अडथळा असेल तर ते उशिरा पोचते, पोचतच नाही, किंवा वाटेतच कातडीत पसरते.

कधी अडलेली लसिका भलत्याच ठिकाणी गळते. रात्री निहारी खाल्ली आणि सकाळी लघवी दुधासारखी झाली, तर 'अंगातली ताकद चालली' असे समजून ताकदीची औषधे घेत बसू नये. अन्नातली चरबी आतड्यातून लसिकेच्या वाटेनेच जाते. ती वाट मूत्रमार्गात फुटली की लघवी पांढरी होते. छातीत किंवा पोटातही असे दुधाळ पाणी साठू शकते. गळती कुठे आहे याचा माग काढायला ही चित्रे कामी येतात.

'किरणोत्सारी' शब्दाने घाबरू नये. मात्रा फार कमी असते आणि दर ६ तासांनी निम्मी होते. २४ तासांत सोळावा हिस्साच उरतो. हे शास्त्र आपल्याकडे नवे नाही. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. मात्र गर्भ असेल, त्याची शंका असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर आधी सांगावेच. कॅमेऱ्याला कपड्यांची अडचण नसते. सुईसाठी फक्त पावले उघडावी लागतात. महिला कर्मचारी हवी असेल तर तारीख घेतानाच विचारावे. रमजानमध्ये तारीख आली आणि घाई नसेल, तर ईदनंतरची मागून घ्यावी. रोज्याबाबत शंका असल्यास आलिमसाहेबांना विचारावे.

तपासणीने सूज उतरत नाही, पण इलाजाला दिशा मिळते. कुणाला पट्टी, व्यायाम आणि विशिष्ट मालिश पुरते, कुणाला शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. लघवीच्या गोळ्यांनी मात्र ही वाट मोकळी होत नाही.

घरचा इलाजही मोठा आहे. सुजलेल्या पायाचा खरा शत्रू म्हणजे बोटांच्या बेचकीतल्या चिरा. तिथून जंतू शिरतात, ताप येतो आणि प्रत्येक तापानंतर सूज वाढू शकते. वुजूत आपण बोटांत खिलाल करतोच. त्यानंतर बेचक्या मऊ कापडाने कोरड्या कराव्यात आणि मगच मोजे घालावेत. रोज एकदा साबणाने पाय धुवावेत.

एक पाय अचानक सुजून पोटरी दुखू लागली, तर शिरेत गुठळी असू शकते. पाय लाल, गरम होऊन थंडी-ताप आला, तर जंतुसंसर्ग असू शकतो. दोन्ही वेळी मालिश करू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दुआ करावीच, पण दवा करणे हीसुद्धा सुन्नत आहे. झाकलेली सूज वाढतच जाते आणि लवकर दाखवलेली आटोक्यात ठेवता येते. अल्लाह सर्व बीमारांना शिफा अता करो, आमीन.