निगेटिव्ह ‘सुधारू’ नका, वाचा

१/ दर ३० सप्टेंबरला किल्लारी भूकंपाची जुनी रंगीत छायाचित्रे पडद्यावर येतात. रंग भडक, कडा धारदार. खाली आपण लिहितो, ‘किती स्पष्ट!’ इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र विचारले पाहिजे: ही स्पष्टता १९९३ ची की स्कॅनरची? #धागा

२/ हा प्रश्न मला कंधारच्या किल्ल्याने शिकवला. मी भिंगाविना कॅमेऱ्याने छायाचित्रे घेतो. लाकडी पेटी, पुढे पत्र्यात अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र, मागे ४ × ५ इंचांची रंगीत फिल्म. तत्त्व जुनेच, हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी सावली भिंतीवर पडते, ती अशाच छिद्रातून.

३/ अशा चित्राच्या कडा जन्मतःच मऊ. छिद्राहून फारसा बारीक तपशील फिल्मवर उतरतच नाही. २४०० डीपीआयला ही निगेटिव्ह साडेअकरा कोटी पिक्सेल देते. त्यांतले बहुतेक किल्ल्याविषयी नवे काहीच सांगत नाहीत. मग ‘शार्पन’ कोणती कड धारदार करते? जी कधी टिपलीच गेली नव्हती ती.

४/ रंगाचेही तेच. रंगीत निगेटिव्हला नारिंगी झाक असते. फिल्ममधील रंगद्रव्यांची अशुद्धी भरून काढण्यासाठी ती मुद्दाम दिलेली असते. स्कॅन करताना ती वजा करावी लागते. किती, हे ‘ऑटो’ परस्पर ठरवते. त्यात छिद्रातून प्रकाश कमी, म्हणून एक्स्पोजर दीर्घ. अशा वेळी फिल्मचे थर सारखा प्रतिसाद देत नाहीत. माझ्या एका स्कॅनमध्ये कंधारचा काळा दगड विटकरी झाला, दुसऱ्यात निळसर. निगेटिव्ह एकच!

५/ म्हणजे स्कॅन हे वाचन आहे, मोडी कागदाच्या लिप्यंतरासारखे. पुसट अक्षराच्या जागी पदरचे अक्षर घालणाऱ्याला आपण क्षमा करत नाही. निगेटिव्हवर तेच करणाऱ्याला टाळ्या का?

६/ आता किल्लारीकडे या. त्या पहाटे कोसळली ती दगड-मातीच्या जाड भिंतींची, माळवदाची घरे. पुढे कित्येक गावे नव्या जागी वसली. भिंतीत माती पांढरीची होती की काळी? माळवदाचा थर किती जाड? याची साक्ष त्या निगेटिव्हच्या रंगात आणि पोतात आहे. ‘ऑटो’ दोन्ही मातींना एकच तपकिरी रंग देऊ शकते; ‘नॉइज’ काढणारी सोय भिंत गुळगुळीत करते. साक्षीदाराचा जबाब बदलतो, आणि कुणाला कळतही नाही.

७/ कुणी म्हणेल, ‘कोणताच स्कॅन तटस्थ नसतो, मग सुधारले तर बिघडले काय?’ तटस्थ नसतो, म्हणूनच काय बदलले ते नोंदवले पाहिजे. ‘लोकांना सुंदर चित्र हवे’ असेही म्हणतात. जरूर द्या, पण प्रतीवर काम करा आणि तसे लिहा.

८/ करायचे काय? प्रिंटचा मोबाइलने फोटो नको. निगेटिव्हच स्कॅन करा. प्रत्येक रंगाला १६ बिट, टिफ फाइल. ऑटो रंग, शार्पन, नॉइज सगळे बंद. फिल्मची कोरी नारिंगी कड चौकटीत ठेवा. तिच्या आधारे पुढचा अभ्यासक रंग नव्याने काढू शकेल. पाकिटावरची तारीख, गावाचे नाव यांचीही प्रत घ्या.

९/ सर्वांत घातक सल्ला: ‘स्कॅन झाले, आता निगेटिव्ह टाका.’ लिप्यंतर झाले म्हणून मोडी कागद कुणी जाळतो का?

१०/ वेळ थोडा आहे. ही रंगद्रव्ये बंद पाकिटातही विटतात. उष्णतेने अधिक वेगाने. आणि आपला उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. लातूर, औसा, निलंगा, नांदेड, कंधार: आपल्या गावच्या जुन्या फोटो स्टुडिओत या रविवारी जा आणि १९९३ ची पाकिटे आहेत का, एवढे विचारा. असतील तर आधी थंड, कोरड्या जागी ठेवायला सांगा. स्कॅनर नंतर.