नगरचा अर्धा राहिलेला कोर्स

सुप्याच्या हमरस्त्यावरून लष्करी गाड्यांचा ताफा गेला तर चहाच्या टपरीवरचा माणूस मानही वळवत नाही. पुढे नगरला चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र; तेव्हा या रस्त्याला ताफ्यांचे अप्रूप कसले? आज १६ डिसेंबर, विजय दिन. भाषणांत ढाक्याची शरणागती येईल, ९३ हजारांचा आकडा येईल. यावाच. पण त्याच दिवशी पश्चिम आघाडीवर, बसंतर नदीच्या पलीकडे जो पडला, तो तिथे आपल्या नगरहून गेला होता.

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. जन्म पुण्याचा, रेजिमेंट १७ पूना हॉर्स. जून १९७१ मध्ये कमिशन मिळाले आणि डिसेंबरात युद्धाला तोंड फुटले तेव्हा स्वारी नगरला, तरुण अधिकाऱ्यांच्या कोर्सला. कोर्स अर्धा टाकून पोरगा निघाला, तोही समारंभाचा गणवेश आणि गोल्फच्या काठ्या बांधून. लाहोरला खेळायला लागतील म्हणे!

शकरगढच्या त्या आघाडीवर सुरुंगांचा पट्टा ओलांडून गेलेल्या आपल्या फौजेवर पाकिस्तानी रणगाडे तुटून पडले. कुमक मागितली गेली आणि अरुण धावला. दोन्ही बाजूंचे रणगाडे अगदी समोरासमोर भिडले. शत्रूचे दहा रणगाडे निकामी झाले, त्यांतले चार एकट्या अरुणचे. साथीदारांपैकी एकाच्या रणगाड्यावर गोळा बसला, दुसऱ्याची तोफ बिघडली. अरुणचा ‘फामागुस्ता’ नावाचा रणगाडाही पेटला. रणगाडा सोडून मागे ये, असा हुकूम आला. माझी तोफ अजून चालते आहे, असे उलट कळवून तो जागचा हलला नाही. त्याने टिपलेला शेवटचा रणगाडा जेमतेम शंभर मीटरवर होता.

अशा वागण्याला आपण सहज ‘बेभान शौर्य’ म्हणून टाकतो. ते चूक आहे. बेभान माणूस तोफ चालते की नाही हे पाहत नाही. आपण हटलो तर फळीला खिंडार पडेल, हे त्या पोराला स्वच्छ दिसत होते.

परमवीर चक्र मिळाले, मरणोत्तर. सरकारी कागदावर हा शब्द गुळगुळीत झाला आहे. घरात तो कसा शिरतो? १७ डिसेंबरला युद्ध थांबले. मुलगा सुखरूप असेल असे मानून घरचे वाट पाहत राहिले, आणि बातमी पोहोचली २६ तारखेला. पुढे तीस वर्षांनी, २००१ मध्ये, अरुणचे वडील लाहोरला गेले. ज्यांच्या घरी उतरले त्या पाकिस्तानी ब्रिगेडियरनेच एका रात्री सांगितले, तुमच्या मुलावर गोळा मीच डागला होता. त्याच्या शौर्याची वाखाणणीही त्यानेच केली. शत्रूची ही साक्ष आमच्या लेखी कुठल्याही मानपत्राहून वजनदार आहे.

‘फामागुस्ता’ पुढे परत मिळाला आणि तो नगरच्याच प्रशिक्षण केंद्रात ठेवला गेला. सुपा-पारनेरच्या शाळांनी यंदाच्या सहलीत नगरचे रणगाडा संग्रहालय जरूर घ्यावे, आणि तिथे मुलांना अरुण खेत्रपाल हे नाव सांगावे.