आधी प्रश्न ठरवा, मग देश

‘बीए झाल्यावर बाहेरदेशी शिकायला जायचंय’ असं घरी एकदा सांगून बघा. इंजिनिअरिंगचं पोरगं असं म्हणालं तर पेढे वाटतात. तुम्ही म्हणालात की काका विचारतात, “इतिहास शिकायला एवढ्या लांब? अंबाजोगाईला काय कमी आहे?”

राग येतो, पण काकांचा प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर तुमच्याकडं पाहिजे, आणि ‘लंडन भारी आहे’ हे काही उत्तर नव्हे.

पुण्यातल्या एखाद्या कन्सल्टन्सीत गेलात की समोर रँकिंगची यादी येते. ती यादी अख्ख्या विद्यापीठाची असते, विज्ञान आणि मेडिकलचं कामही त्यातच मोजलेलं असतं. तुमचा विषय तिथं कोण शिकवतं, हे त्यातून कळत नाही. आर्ट्सवाल्यांनी निवड उलटीकडून करावी, असं माझं मत आहे. आधी प्रश्न, मग त्यावर काम करणारा माणूस, मग विद्यापीठ आणि सगळ्यात शेवटी देश.

समजा, तुम्ही धारूर किंवा केजकडचे आहात. दिवाळी आली की गावातली घरं कुलपं लावून ऊसतोडीला जातात, वर्गातली पोरं मधेच दिसेनाशी होतात. हे असं का, हा तुमचा प्रश्न असेल तर स्थलांतर आणि मजुरीवर कोण लिहितंय ते शोधा. जर्मनीत ग्योटिंगेनला आधुनिक भारताच्या अभ्यासाचं स्वतंत्र केंद्र आहे. हायडेलबर्गची दक्षिण आशिया संस्था १९६२ पासून चालू आहे. तिथले गुंथर सोंथायमर इकडं येऊन धनगरांबरोबर रानोमाळ हिंडले आणि खंडोबा-बिरोबावर लिहीत राहिले. मुकुंदराजांच्या गावचे म्हणून जुन्या मराठीची ओढ असेल, तर अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या ॲन फेल्डहाउस यांनी महानुभाव साहित्यावर काय काम केलंय ते बघा. आज असं काम कुठं चालू आहे, ते विद्यापीठांच्या विभागांच्या पानांवर फुकट वाचायला मिळतं.

आता पैसा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. पण हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे तिथं आपल्याकडून सेमिस्टरला १५०० युरो घेतात. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे दहा लाखांहून जास्त रुपये, आधी खात्यात दाखवावे लागतात. ब्रिटनचं एमए एका वर्षात होतं, त्यामुळं राहण्याचा खर्च कमी. मात्र तिथल्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. अमेरिकेत एमएला मदत क्वचित मिळते, पीएचडीला बऱ्याचदा मिळते. आणि हे कुणी सांगत नाही ते ऐका: पदवीनंतर तिथं कामाला इंजिनिअरिंगवाल्यांना तीन वर्षांपर्यंत मुभा आहे, आपल्याला एकच वर्ष. ‘तिथं गेल्यावर नोकरी करून कर्ज फेडू’ हा हिशेब म्हणूनच जमिनीचा तुकडा गहाण टाकण्याआधी नीट मांडा.

मग उरतात सरकारी शिष्यवृत्त्या. अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर प्रवर्गांसाठी वेगळ्या योजना आहेत. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीही आहे. पण तिच्यात २०२२ साली एक कलम आलं: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन या विषयांना पैसे मिळणार नाहीत. म्हणजे ऊसतोड कामगारांचं पोरगं ऊसतोडीवरच संशोधन करायला या पैशावर जाऊ शकत नाही.

मला हे कलम साफ चूक वाटतं. १९१३ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी तिथल्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी निबंध वाचला, तो भारतातल्या जातींवर. सयाजीरावांनी असलं कलम घातलं असतं तर? आपल्या गावाचा प्रश्न लांबून, वेगळ्या पुस्तकांच्या सोबतीनं बघायला मिळणं, यासाठीच तर आर्ट्सवाल्यानं बाहेर जायचं. तेव्हा अर्जाआधी त्या वर्षीची नियमावली पूर्ण वाचा, आणि कलम तसंच असेल तर त्याविरुद्ध बोलाही.

या आठवड्यात एकच काम करा. तुमचा प्रश्न चार ओळींत, मराठीत लिहा. नुसतं ‘मला समाजशास्त्र आवडतं’ चालणार नाही. काय कळत नाहीये आणि ते कळून घ्यायला कुणाकडं जावं लागेल, ते लिहा. मग काकांना वाचून दाखवा. त्यांना पटलं तर प्राध्यापकांना पाठवायच्या ईमेलचा कच्चा मसुदा तुमच्या हातात आहे. इंग्रजी नंतर नीट करता येतं.

आणि लिहिता लिहिता लक्षात आलं की याचं उत्तर अंबाजोगाईत किंवा संभाजीनगरच्या विद्यापीठातच मिळतंय, तर तिथंच शिका. त्यात कसला आलाय कमीपणा?