नाचाचा हप्ता

नृत्य दिनाला माझा विरोध नाही. माझी तक्रार आहे ती उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांबद्दल.

अमेरिकेत २०१० साली नायजेल लिथगो या टीव्हीवाल्या गृहस्थांनी ‘राष्ट्रीय नृत्य दिन’ सुरू केला. नाचा, म्हणजे अंग हलेल, प्रकृती सुधारेल, हा त्यामागचा विचार. विचार चांगला, पण आम्ही पडलो बी. कॉम. कुणी आकडा काढला की आम्ही लगेच पेन्सिल काढतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलंय, मोठ्या माणसानं आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी. वर्षाचे बावन्न आठवडे धरले, तर ७,८०० मिनिटं. नृत्य दिनी तासभर नाचलात, साठ जमा. बाकी येणं ७,७४०! असल्या खातेदाराला आमच्या शाखेतून कधीच नोटीस गेली असती. हृदय हे रिकरिंगचं खातं आहे हो. एकदाच भरणा करून वर्षभर पासबुक मिरवता येत नाही.

“अहो, एक दिवस तरी नाचतात ना?” कबूल. खातं उघडायला दिवस चांगलाच. पण पुढचे हप्ते?

आणि खरी गोम तर पुढेच आहे. आपल्याला नाच चालतो तो औषध म्हणून. पोरगं घरात नाचलं की “अभ्यास कर”, वरातीत काका नाचले की “शोभतं का या वयात?” तेच काका फी भरून ‘फिटनेस’साठी नाचले, की जागरूक नागरिक!

आमच्या आज्या मंगळागौरीला रात्र रात्र झिम्मा-फुगडी घालायच्या. वारकरी आळंदीपासून चालत येऊन वाटेत फुगडी धरतात. कॅलरी कोण मोजतंय? तिथं मुद्दल आनंदाचं. तब्येत हे त्यावरचं व्याज. आता मात्र मंगळागौरीचे खेळ करायला ग्रुप बोलावतात आणि घरच्या बायका खुर्चीवर बसून टाळ्या वाजवतात. ग्रुपवाल्यांची तब्येत सुधारते, यजमानीणबाईंचे गुडघे जिथल्या तिथे!

तेव्हा दिवस जरूर साजरा करा, पण हप्ता रोजचा ठेवा. हिशेबानं बावीस मिनिटं पुरतात. लाज वाटली तर दार लावून घ्या. खालच्या मजल्यावरचे तक्रार घेऊन वर आलेच, तर त्यांनाही आत घ्या. त्यांचीही बाकी थकलेलीच असणार!