तुला काय, डॉलरमध्ये पगार!

बऱ्याच दिवसांत इथे काही खरडलं नाही. आज लिहिते आहे त्याचं कारण मागच्या महिन्यातली एक मुंज. पंगतीत शेजारी बसलेली आत्या अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुला गं कसली काळजी, घरी बसून डॉलर येतात!" माझ्या तोंडात जिलबी होती म्हणून गप्प बसले. पण ते वाक्य तेव्हापासून डोक्यात भुणभुणतंय. आत्या, तुझा नातू तुला हे वाचून दाखवतो हे मला माहीत आहे. तेव्हा मांडवात बोलले नाही ते इथे बोलते.

डॉलर येतात हे खरं आहे. पण म्हातारपणाची तजवीज त्यांच्याबरोबर येत नाही. आणि ती येत नाही यात थोडा दोष दोन सरकारांचा आहे, आणि बराचसा आपल्या लोकांचा. माझ्यासकट.

जुन्या वाचकांना माहीत आहे, मी जानेवारी २०११ मध्ये न्यू जर्सीला गेले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये नाशिकला परत आले. बाबांचा पार्किन्सन्स वाढला होता आणि आई एकटी पुरी पडत नव्हती. कंपनी भली. म्हणाली, काम तिकडून कर. पण त्यांचं भारतात ऑफिस नाही, म्हणून नोकरदार म्हणून नाही, कंत्राटदार म्हणून. मी आनंदाने सही केली. त्या एका सहीने काय काय गेलं ते नंतर कळलं. प्रॉव्हिडंट फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही, आरोग्य विमा नाही, पगारातून परस्पर कापला जाणारा कर नाही. आमच्या शेजारचे गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, त्यांना एक तारखेची वाट बघता येते. मी साठीची झाले की माझी एक तारीख कॅलेंडरवरच राहणार.

आता पहिला राग. अमेरिकेत असताना माझ्या पगारातून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटीचे कापले जायचे. कंपनी तेवढेच वरून घालायची. हे पैसे नावाप्रमाणे म्हातारपणासाठी. मात्र तिथलं निवृत्तिवेतन मिळायला ४० क्रेडिट लागतात, आणि वर्षाला जास्तीत जास्त ४ मिळतात. म्हणजे दहा वर्षं. माझी किती झाली? ३६. चार कमी! परत निघाले तेव्हा ऑफिसातल्या दोघा-तिघांनी सांगितलं होतं, "एक वर्ष काढ, मग जा." क्रेडिट मरत नाहीत हे खरं, पुन्हा कधी तिकडे कायदेशीर नोकरी केली तर उरलेली चार जमा होतील. नाशिकमध्ये बसून केलेल्या कामाची मात्र होत नाहीत. आणि भरलेले पैसे परत मागायची सोय नाही.

यावर लोक म्हणतात, त्यांच्या देशात गेलात, त्यांचे नियम पाळा. पाळले की! तिथल्या रस्त्यांसाठी, शाळांसाठी दिलेल्या आयकराबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. पण हे पैसे माझ्या नावाच्या खात्याला लावून घेतलेले आहेत. आणि मी ते परत मागतच नाहीये. एवढंच म्हणते की दोन देशांतली वर्षं एकत्र मोजा.

हे अशक्य आहे का? अजिबात नाही. भारताने बेल्जियमबरोबर असा सामाजिक सुरक्षा करार २००६ मध्ये केला, तो २००९ पासून लागू आहे. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान यांच्याबरोबरही करार झाले. अमेरिकेचे स्वतःचे असे करार डझनावारी देशांशी आहेत. फक्त या दोघांचा एकमेकांशी नाही! एच-१बी व्हिसावर जाणाऱ्यांत सगळ्यात जास्त माणसं आपली, आणि करार नाही तो नेमका तिथेच. दोन्हीकडचे पुढारी भेटले की मिठ्या मारतात, स्टेडियम भरवतात. या एका कागदावर सही करायला त्यांना वेळ होत नाही. आणि आपण अनिवासी लोक त्या स्टेडियममध्ये झेंडे हलवतो, पण याबद्दल विचारत नाही. राग त्याचाच जास्त येतो.

दुसरा राग घरातल्या सल्ल्यांचा. परत आल्यावर माझ्या एका आतेभावाने (आत्या, तुझा नव्हे, तू निश्चिंत राहा) मला गुपित सांगावं तसं सांगितलं, "पैसे तिकडच्याच खात्यात घे. इकडे कुणाला कळतंय? आणि तू तर अजून आरएनओआर आहेस." म्हणजे निवासी खरी, पण सामान्यतः निवासी नाही. बाहेरून परत येणाऱ्याला काही वर्षं हा दर्जा मिळतो. मला तो साधारण तीन वर्षं होता. त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर, म्हणजे तिथल्या ठेवीचं व्याज वगैरे, इथे कर लागत नाही. इथवर भाऊ बरोबर.

पण काम कुठे बसून केलं? गंगापूर रोडवरच्या आमच्या मागच्या खोलीत. मग ती कमाई भारतातली. पैसे देणारा न्यू जर्सीत असो की चंद्रावर, आणि ते कुठल्याही खात्यात पडोत. पहिल्या दिवसापासून त्यावर इथे कर आहे, आरएनओआर असलात तरी. उलट अमेरिकेला त्यावर हक्क नाही, कारण मी ना त्यांची नागरिक, ना ग्रीनकार्डवाली, ना मी तिथे बसून काम केलं. २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने कलमांचे आकडे बदलले तरी हे तत्त्व तेच आहे.

आणि "कुणाला कळतंय" याचं काय? भारत आणि अमेरिका यांच्यात खात्यांची माहिती देण्याघेण्याचा करार २०१५ मध्येच झाला. त्याच वर्षी काळ्या पैशाचा कायदा आला. तुम्ही पुरते निवासी झालात की परदेशातली खाती विवरणपत्रात दाखवावी लागतात, नाही दाखवली तर दंड १० लाख. ऑक्टोबर २०२४ पासून एकूण २० लाखांपर्यंतच्या (स्थावर सोडून) मालमत्तेला त्या दंडातून सूट आहे, पण आठ वर्षं साठवलेलं ४०१(के) २० लाखांच्या पुढे सहज जातं. पण दंडाचं सोडा. सरकार रस्ते करत नाही म्हणून सहा महिने ओरडणारा माणूस सातव्या महिन्यात मला कर चुकवायला शिकवतो, याला काय म्हणायचं?

तिसरा सल्ला म्हणजे "४०१(के) मोडून आण, इकडे फ्लॅट घे." हा तर फारच लोकप्रिय. ५९ वर्षं ६ महिन्यांच्या आधी पैसे काढले तर साधारणपणे १० टक्के दंड, आणि अनिवासी म्हणून एकरकमी काढताना तिथेच ३० टक्के कापून ठेवू शकतात. म्हातारपणाच्या दुधावरची साय अशी काढून द्यायची, आणि मिळवायचं काय? भाडेकरू शोधायचा ताप.

ते तसंच ठेवण्यातही पूर्वी एक खोच होती. पुरतं निवासी झालं की भारत खात्यातल्या दरवर्षीच्या वाढीवर कर मागू शकायचा, आणि अमेरिका काढताना मागायची. एकाच पैशावर दोन वर्षांत दोन कर, आणि एकाची वजावट दुसऱ्यातून मिळवताना नाकी नऊ. २०२१ च्या अर्थसंकल्पाने ८९ए कलम आणून हे मिटवलं, २०२२ मध्ये त्याचा नियम आणि १०-ईई हा फॉर्म आला. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा इथल्या निवृत्ती खात्यांवर पैसे काढतानाच कर द्यायचा पर्याय मिळाला. मी तो २०२३ मध्ये विवरणपत्राबरोबर घेतला. एकदा घेतला की मागे घेता येत नाही, म्हणून सीएला विचारून घ्या. सरकारने केलेलं चांगलं कामही सांगावं, नुसतं नाक मुरडू नये.

आता माझी चूक. मालक कर कापत नाही म्हणजे तो आपणच आगाऊ भरायचा असतो, चार हप्त्यांत: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५, १५ मार्चपर्यंत पूर्ण. पहिल्या वर्षी मी सगळं जुलैवर ढकललं. महिन्याला एक टक्का व्याज! भरताना रडू आलं. आणखी मेख म्हणजे तेवढ्या महिन्यांत खात्यात दिसणारे सगळे पैसे मला माझेच वाटले होते आणि मी स्वयंपाकघर नवं केलं होतं. आता प्रत्येक महिन्याला पैसे आले की आधी कराचा वाटा वेगळ्या खात्यात टाकते, मग पीपीएफ, एनपीएस आणि फंडांचा हप्ता, मग उरलेला पगार. पीपीएफला वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे, तेवढ्यावर म्हातारपण निघत नाही, म्हणून बाकीचं. जिच्यामागे पीएफ नाही तिने स्वतःच स्वतःची मालक व्हायचं आणि मालकाचाही वाटा भरायचा. याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

आपल्याकडे पोराला पॅकेज किती हे पहिल्या भेटीत विचारतात. साठीनंतर काय, हे कुणी विचारत नाही. बाईला तर नाहीच. तिचे पैसे म्हणजे हौसेचे, असं अजूनही गृहीत धरतात. माझ्यासारख्या घरून परदेशी काम करणाऱ्या किती जणी भाचरांच्या वयाच्या आहेत! त्यांना "मज्जा आहे बुवा" म्हणण्याऐवजी एकदा "पीएफ कोण भरतं?" एवढं विचारा.

शेवटी त्या चार क्रेडिटांबद्दल. एक वर्ष काढलं असतं तर? मी हा हिशोब कितीदा तरी केला आहे. पण मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली, आणि बाबा २०२१ च्या दिवाळीनंतर गेले. त्यातले किती महिने मी त्यांना फक्त स्क्रीनवर पाहिलं असतं कोण जाणे. त्या व्यवहारात मी तोट्यात नाही. फक्त आई-वडिलांसाठी परत येणाऱ्याला हा असा व्यवहार करावा लागू नये, एवढंच म्हणणं आहे.

असो. आत्या, पुढच्या कार्यात शेजारीच बसू. डॉलरचं विचारलंस तर मी ३६ आकड्यापासून सुरुवात करीन :-)